प्रस्तावना : गाडी ओढते, पण कधी?

‘गाडी डावीकडे ओढतेय हो’ एवढं गिऱ्हाइकाने म्हणायचा अवकाश, बहुतेक गॅरेजमध्ये पुढचा शब्द ठरलेला असतो : अलाइनमेंट. गाडी मशीनवर चढते, चाकांना क्लॅम्प लागतात, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे होतात आणि छापील कागद हातात पडतो. पैसे देऊन गिऱ्हाईक निघतं आणि पहिल्याच मोकळ्या रस्त्यावर गाडी पुन्हा तशीच डावीकडे सरकायला लागते. मग टायर बदलले जातात, त्यानंतर लोअर आर्म, त्यानंतर शॉकअप. आणि एवढं करूनही फरक पडला नाही की ‘या मॉडेलला हे असतंच’ असं सांगून विषय मिटवला जातो. दुखणं असतं ब्रेकच्या रबरी नळीत आणि खर्च झालेला असतो टायरवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हा खर्च टळावा, आणि त्याहूनही जास्त त्यामागे लपून राहणारा धोका टळावा, म्हणून मी हे पुस्तक लिहायला घेतलं.

या पुस्तकात सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे आणि ती इथेच सांगून टाकतो. गाडी ओढते तेव्हा ‘कुठे बिघडलं’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘कधी ओढते’ हा. सतत ओढते, की ब्रेक दाबल्यावरच? ॲक्सिलरेटर दिल्यावर? वळण घेऊन सरळ झाल्यावर? की ठरावीक रस्त्यावरच? आणि हे सुरू केव्हा झालं : नवे टायर घातल्यावर, खड्ड्यात आदळल्यावर, ब्रेकचं काम करून घेतल्यावर, की हळूहळू? या उत्तरांतून संशयितांची यादी इतकी आखडते की उरलेलं काम बहुधा एक जॅक, एक हवेचा गेज आणि अर्धा तास यांत होतं. मशीन लागतंच, पण शेवटी.

त्याआधी तक्रार नीट ओळखावी लागते, कारण चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली गॅरेजमध्ये येतात. स्टिअरिंग सैल धरलं की गाडी ठामपणे एकाच बाजूला जाते, हे खरं ओढणं. गाडी कधी इकडे कधी तिकडे जाते आणि सारखं सावरावं लागतं, हे भरकटणं. त्याची मुळं बहुधा सैल झालेल्या सांध्यांत किंवा टोच्या (चाकांची तोंडं पुढे जवळ येतात की फाकतात त्याच्या) मापात असतात. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंगचा आरा तिरका दिसतो, ही तिसरी गोष्ट. तिचा संबंध टो आणि मागच्या चाकांच्या दिशेशी. आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, हे चौथं. ते चाकांच्या बॅलन्सिंगचं काम. बॅलन्सिंग केल्याने ओढणं जात नाही आणि अलाइनमेंट केल्याने थरथर जात नाही. हे मेस्त्रींना माहीत असतं, पण गिऱ्हाईक ‘गाडी नीट चालत नाही’ एवढंच सांगतं आणि घाईत दोन्ही कामं करून दिली जातात.

आता रस्त्याकडे येऊ. पाणी निघून जावं म्हणून आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते बांधलेले असतात. डांबरी रस्त्याला हा उतार साधारण दोन ते अडीच टक्के असतो. म्हणजे साडेतीन मीटर रुंदीच्या एका लेनमध्ये डावी कड उजव्या कडेपेक्षा सात ते पावणेनऊ सेंटिमीटर खाली. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे अगदी निर्दोष गाडीही हात सैल सोडल्यावर सावकाश डावीकडे जाते. हा दोष नव्हे. ज्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही ते चांगली गाडी घेऊन गॅरेजच्या फेऱ्या मारतात. याउलट, उतार डावीकडे असूनही गाडी उजवीकडे जात असेल, तर ओढ दिसते त्याहून जास्त आहे असं समजावं.

मराठीत या विषयावर लिहिण्याचं एक कारण इथेच आहे. या विषयावरची बरीच पुस्तकं आणि व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथे वाहतूक उजवीकडून, म्हणून रस्त्याचा उतार उजवीकडे, आणि तो भरून काढायला कॅम्बर-कॅस्टर या चाकांच्या कोनांत (ते पुढे समजावले आहेत) किंचित डावा कल ठेवण्याचा सल्ला. तोच सल्ला जसाच्या तसा नाशिक किंवा कोल्हापुरात पाळला, तर गाडीचा कल आणि रस्त्याचा उतार एकाच दिशेला होतात आणि किरकोळ ओढीची मोठी ओढ होते. आपल्याकडे थोडा कल ठेवायचाच झाला तर तो उजवीकडे.

चाचणीसाठी सपाट, सरळ, मोकळा रस्ता हवा. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतला एखादा अंतर्गत रस्ता यासाठी उत्तम. पन्नास-साठच्या वेगाने एकदा जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं, म्हणजे आडव्या वाऱ्याचा भाग वेगळा कळतो. वळणांवर रस्त्याचा उतार आतल्या बाजूला फिरवलेला असतो, म्हणून वळणाचा रस्ता चाचणीला निरुपयोगी. हात स्टिअरिंगवरून पूर्ण काढायचे नाहीत; बोटं सैल, पण आऱ्याला टेकलेली. नव्या गाडीत लेन सांभाळणारी यंत्रणा असेल तर ती आधी बंद करायची, नाहीतर ती आपल्या नकळत गाडी सरळ ठेवते.

मग हवा. टायर थंड असताना, चारही चाकांची, आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याशी ताडून. पुढच्या दोन चाकांत चार-पाच पीएसआयचा फरक पडला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला जाऊ लागते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा तसाच अडकून राहतो आणि हवा दिवसागणिक थोडी थोडी जाते. डोळ्यांना टायर भरलेलाच दिसतो. इतकी साधी तपासणी वगळून सुरू झालेली महागडी दुरुस्ती मी फार पाहिली आहे आणि दर वेळी वाईट वाटलं आहे.

हवा बरोबर असेल तर टायर. नव्याकोऱ्या टायरमध्येही एक दोष असू शकतो, ज्याला टायरवाले कोनिसिटी म्हणतात. आतले स्टीलचे पट्टे कणभर एका बाजूला सरकून बसले की टायरचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा ताठ होतो, आणि टायर दंडगोलासारखा न चालता शंकूसारखा चालू पाहतो. पेला आडवा करून जमिनीवर लोटला तर तो सरळ जात नाही, अरुंद बाजूकडे वळत गोल फिरतो, तसंच. हा दोष कोणत्याही अलाइनमेंट मशीनला दिसत नाही, कारण मशीन चाकाचा कोन मोजतं, टायरचा स्वभाव नाही. ओळखायची रीत सोपी आहे : पुढचं डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावायचं आणि त्याच रस्त्यावर पुन्हा जायचं. ओढ बाजू बदलून आली, किंवा नाहीशी झाली, तर कारण टायर. ओढ जशीच्या तशी राहिली तर टायर बहुतेक निर्दोष. पट्ट्यांच्या मांडणीमुळे येणारी आणखी एक ओढ असते, ती अशा अदलाबदलीने बाजू बदलत नाही. पण ती बहुधा सौम्य असते आणि तिची चर्चा टायरच्या प्रकरणात आहे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र चाकं अशी नुसती बदलता येत नाहीत. पंधरा मिनिटांची ही चाचणी टायर विकत घेण्याच्या आधी करायची असते. व्यवहारात ती नंतर होते, किंवा होतच नाही.

आता त्या छापील कागदाकडे जरा जवळून बघू, कारण तो वाचायला शिकणं ही या पुस्तकातली सर्वांत उपयोगी गोष्ट ठरेल असं मला वाटतं. कागदावर प्रत्येक पुढच्या चाकाचे तीन कोन असतात. कॅम्बर म्हणजे चाक वरून आत झुकलंय की बाहेर. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष बाजूने पाहिल्यावर किती मागे कललेला आहे. टो म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं पुढे जवळ येतात की फाकतात. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त धन, त्या बाजूला गाडी ओढते. ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला ओढते. पुढच्या चाकांच्या टोने मात्र गाडी सहसा ओढत नाही. टो चुकला तर टायर झिजतात, आरा तिरका राहतो, पण चालताना दोन्ही चाकं तो फरक आपसात वाटून घेतात.

समजा एखाद्या गाडीला कॅम्बर शून्य, कमी-जास्त एक अंश, अशी मुभा कंपनीने दिली आहे. डाव्या चाकाचा कॅम्बर आला अधिक पन्नास मिनिटं, उजव्याचा उणे दहा मिनिटं. साठ मिनिटांचा एक अंश, म्हणजे दोन्ही आकडे मुभेच्या आत आणि दोन्ही हिरवे. मशीनच्या लेखी गाडी उत्तम. पण दोन चाकांमधला फरक पूर्ण एक अंशाचा आहे, आणि अर्ध्या अंशाच्या पुढे फरक गेला की बहुतेक गाड्या जास्त धन असलेल्या बाजूला ओढू लागतात. म्हणजे ही गाडी डावीकडे जाणार, आणि रस्त्याचा उतार तिला आणखी मदत करणार. कागद हिरवा आहे म्हणून मेस्त्री गिऱ्हाइकाला खोटं पाडतो. प्रत्यक्षात गिऱ्हाइकाचं म्हणणं खरं असतं आणि उत्तर त्याच कागदावर छापलेलं असतं. दोन आकडे वेगवेगळे वाचायचे नाहीत, त्यांची वजाबाकी वाचायची.

पुढचा प्रश्न, फरक दिसला तरी तो काढायचा कसा. आपल्याकडच्या बहुसंख्य लहान गाड्यांच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अमेरिकन इंजिनिअर अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाची ही रचना ब्रिटनमध्ये १९५० साली फोर्ड कॉन्सलमध्ये आली आणि स्वस्त, आटोपशीर असल्याने जगभर पसरली. १९८३ सालच्या मारुती ८०० मध्येही ती होती. या रचनेत बहुतेक गाड्यांवर कारखान्याने फिरवण्यासाठी ठेवलेला कोन एकच : टो. काही गाड्यांत स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या बोल्टच्या भोकातल्या मोकळीकीमुळे कॅम्बर थोडासा हलवता येतो. कॅस्टर बहुधा हलतच नाही. म्हणून ‘अलाइनमेंट केलं’ याचा अर्थ व्यवहारात ‘टो लावला’ एवढाच होतो, आणि ज्या कोनांमुळे गाडी ओढते ते जिथल्या तिथे राहतात. कॅम्बर किंवा कॅस्टर एका बाजूला बिघडलेला असेल तर काहीतरी वाकलं आहे किंवा सरकलं आहे : लोअर आर्म, स्ट्रट, नकल, किंवा हे सगळं ज्यावर टेकलेलं असतं तो सबफ्रेम. पावसाळ्यात खड्ड्यात जोरात आदळलेल्या गाडीच्या बाबतीत हा शोध पाना हातात घेऊन, गाडीखाली जाऊनच घ्यावा लागतो.

ब्रेकच्या प्रकरणावर मी सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत. बाकीची ओढ हात दुखवते आणि टायर खाते; ब्रेकची ओढ ओल्या घाटात समोरच्या ट्रकपुढे नेते. आणि ‘कधी’ या प्रश्नाचं मोल इथे सर्वांत स्पष्ट दिसतं. ब्रेकवर पाय नसताना गाडी डावीकडे ओढत असेल आणि दोष ब्रेकचा असेल, तर डावा ब्रेक चिकटलेला आहे, तो सुटत नाही. पण फक्त ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढत असेल, तर बरेचदा डावा ब्रेक ठणठणीत असतो आणि काम करत नसतो तो उजवा. ओढ एकाच दिशेची, गुन्हेगार चाकं दोन. हे न विचारता जो डावं चाक खोलतो त्याला तिथे स्वच्छ डिस्क आणि चांगले पॅड दिसतात, आणि तो ब्रेकवरचा संशयच सोडून देतो. पुढची सगळी उधळपट्टी या एका क्षणातून सुरू होते.

चिकटलेला ब्रेक शोधायला पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता गाडी चालवायची, किंचित चढावर ती आपोआप थांबू द्यायची, आणि प्रत्येक डिशजवळ तळहात न्यायचा. टेकवायचा नाही, चिकटलेल्या ब्रेकची डिश हात भाजण्याइतकी तापते. एका चाकातून धग येते आणि बाकीची कोमट असतात, एवढ्यावर चाक सापडतं. कारणं मोजकी असतात : पिस्टन गंजून अडकलेला, किंवा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या सुकलेल्या. किनारपट्टीवर पिनांवरचं रबर फाटलं की खारी हवा आणि पाणी आत शिरतं, आणि पावसाळाभर उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर हा आजार हमखास दिसतो. पिनांना साधं ग्रीस लावू नये. खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिना पुन्हा अडकतात. त्यासाठी ब्रेकचं वेगळं सिलिकॉन ग्रीस मिळतं.

आणि ती रबरी नळी. एका जुन्या हॅचबॅकचं पुढचं डावं चाक तापत होतं. कॅलिपर नवा बसवलेला, पॅड नवे, पिना नीट सरकत होत्या. जॅकवर चाक हाताने फिरत नव्हतं. ब्लीडिंगचा निपल पाव आटा सैल केला, ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं फिरायला लागलं. म्हणजे आत दाब कोंडला होता. पुन्हा ब्रेक दाबून चाक घट्ट केलं आणि या वेळी नळीच्या वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपकडचा जोड सैल केला; चाक घट्टच राहिलं. दाब नळीच्या वर नव्हता, खाली होता. नळी बाहेरून कोरी दिसत होती. ती कापली तेव्हा आतला थर फाटून त्याची झडप झालेली दिसली : पायाच्या जोराने तेल चाकाकडे जात होतं, परत येताना ती झडप वाट अडवत होती. तुलनेने स्वस्त असा तो भाग होता, आणि त्याच्यापायी एक चांगला कॅलिपर निकालात काढला गेला होता.

उरलेल्या खुणा थोडक्यात. ॲक्सिलरेटर दिला की एका बाजूला आणि ब्रेक दाबला की दुसऱ्या बाजूला, असं होत असेल तर लोअर आर्मचा बुश बघावा. तो फाटला की चाक पुढे-मागे सरकतं आणि त्यासोबत त्याची दिशा बदलते. उजवं वळण घेऊन सरळ झाल्यावर गाडी उजवीकडेच जात राहते आणि डावं वळण घेतल्यावर डावीकडे, अशी तक्रार असेल तर स्ट्रटच्या माथ्यावरचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट जाम आहे, स्टिअरिंग मधोमध परत येत नाही. जोरात पळवताना थोडीशी ओढ लागणं हे इंजिन आडवं आणि दोन ड्राइव्ह शाफ्ट लहान-मोठे असलेल्या गाड्यांत रचनेमुळे असतं. ती अचानक वाढली तरच इंजिन माउंटिंग तपासावं. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत पुढची चाकं उचलून इंजिन सुरू करावं. आरा आपोआप फिरू लागला तर दोष स्टिअरिंगच्या व्हॉल्व्हमध्ये आहे, चाकांत शोधत बसू नये.

जुन्या गाड्यांत बहुतेक गोष्टी हाताला कळायच्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी किंवा पुढे टॉर्शन बार असलेली अँबॅसिडर चालवणाऱ्याच्या मनगटाला ओढ पहिल्या दिवशी जाणवे. आजचं इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग इतकं हलकं असतं, आणि काही गाड्यांत ते सततची बारीक ओढ स्वतःच भरून काढतं, की ड्रायव्हरला काही कळण्याआधी टायर संपतो. म्हणून महिन्यातून एकदा, गाडी उभी करून, तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवावा. तारा बाहेर आलेल्या नाहीत हे आधी बघून. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं लागलं तर टो बिघडला आहे. एकच खांदा झिजला असेल तर कॅम्बर. दोन्ही खांदे झिजले असतील तर हवा कमी राहिली आहे. समृद्धी महामार्गासारख्या, कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेल्या लांबलचक रस्त्यावर निघण्याआधी तर हे करावंच; शहरात न जाणवलेली ओढ तिथे तासन्‌तास खांद्यांवर येते आणि एका बाजूने झिजलेला टायर त्या वेगात तापतो.

हे पुस्तक दोघांसाठी आहे. तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला गॅरेज चालवणारा, ज्याच्याकडे अलाइनमेंटचं मशीन नाही आणि म्हणून जो अशी गाडी दुसरीकडे पाठवून देतो, त्याला हे कळावं की यातलं बरंचसं निदान त्याच्या हातातलं आहे. आणि गाडीच्या मालकाला हे कळावं की गॅरेजमध्ये जाण्याआधी चार ओळी लिहून नेल्या तर कामाची दिशा बदलते : कधी ओढते, केव्हापासून, त्याआधी गाडीवर काय काम झालं, आणि थंड टायरची हवा किती होती. मेस्त्रींनीही असा कागद आणणाऱ्या गिऱ्हाइकाला शहाणपणा शिकवणारा समजू नये. त्याने त्यांचा अर्धा दिवस वाचवलेला असतो.

प्रकरणांचा क्रम मी तपासणीच्याच क्रमाने ठेवला आहे : रस्ता आणि चाचणी, हवा आणि टायर, ब्रेक, सांधे आणि बुश, स्टिअरिंग, आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंटचे कोन. क्रमाने वाचलं तर प्रत्येक टप्प्यावर काय वगळता आलं ते कळत जाईल. ज्यांची गाडी फक्त ब्रेक दाबल्यावर ओढते त्यांनी मात्र थेट तिसरं प्रकरण उघडावं, आणि त्यातल्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत ती गाडी घेऊन घाटात जाऊ नये.